मिठाची रेघ

संगप्पा गेला तेव्हा शिवकांताला रडू आलं नाही. गल्लीतल्या बाया जमल्या, तिच्या कोरड्या तोंडाकडं बघत बसल्या, आणि शेवटी ज्या त्या बाईनं आपापल्या घरचं दुःख आठवून रडून घेतलं. आलोच आहोत तर तसंच कसं जायचं. माती देऊन माणसं परतली तशी शिवकांता उठली आणि भाकरीचं पीठ मळायला बसली. रडू आज येईल, उद्या येईल म्हणून तिनं काही दिवस वाट बघितली. पुढं पुढं वाट बघायचंही तिच्या ध्यानात राहिना.

तसं त्या साली सगळ्यांचंच वाट बघून झालं होतं. सलग दुसरा पावसाळा नुसतं तोंड दाखवून गेला होता. लातूर जिल्हा वेगळा होऊन तीन-चार वर्षं झाली होती, तरी येलूरवाडीची म्हातारी माणसं सरकारी कामाला अजून "उस्मानाबादला जाऊन येतो" म्हणत आणि लातूरच्या यष्टीत बसत. जिल्हा नवा, साहेब नवे, पाट्या नव्या. पाणी तेवढं जुनंच, आणि तेही सरत आलेलं.

संगप्पाला नव्या जिल्ह्याचं भारी कौतुक होतं. "हापीस जवळ आलं," म्हणायचा, जसं काही सोयरं शेजारी राहायला आलंय. कुठल्याशा पेपरात गांडूळखताचं वाचून तो लातूरला एका हापिसात चौकशीला गेला. दारातल्या शिपायानं विचारलं, काय पाहिजे? हा म्हणाला, गांडुळं. शिपाई म्हणाला, "मग आत जा की. खुर्च्यांवर बसलेलीच हायेत." एवढं सांगेपर्यंत संगप्पाला असं हसू फुटायचं की पुढची गोष्ट राहून जायची. आतले साहेब काय म्हणाले ते शिवकांताला शेवटपर्यंत कळलं नाही. गांडुळं मिळाली ती मुदखेडला, त्याच्या बहिणीच्या शेजारी गुलाब लावणाऱ्या एका मास्तरांकडं. डालड्याच्या डब्याला वरून भोकं पाडून तो डबा मांडीवर घेऊन आला.

"दानवं आणलीस?" त्याच्या आईनं, लक्ष्मम्मानं, डब्यात डोकावून विचारलं. तिच्या माहेराकडं गांडुळाला दानवं म्हणत. "नावच दानवं. असली इद्या घरात नगं. देवघर हाय."

म्हणून खड्डा रानात झाला, बांधावरच्या कडुलिंबाखाली, कारण सगळ्या रानात सावली तेवढीच. खाली तुरकाट्या, वर शेण, त्यावर पालापाचोळा, त्यावर ओलं पोतं. संगप्पानं शिवकांताला तीन गोष्टी शिकवल्या: ओलं ठेवायचं, अंधारात ठेवायचं आणि उगं सारखं उकरून बघायचं नाही. शेजारच्या मंजुळाबाईनं हे ऐकलं आणि म्हणाली, "म्हंजे सुनेला ठेवत्यात तसंच की."

पहिल्या वर्षी निघालेलं खत जेमतेम दोन सऱ्यांना पुरलं. चहाच्या चोथ्यासारखं भुरभुरीत, काळं. वास घ्यायला गेलं तर शेणाचा नाही, पावसानंतरच्या रानाचा. त्या दोन सऱ्यांतली तूर बाकीची तूर माना टाकून बसल्यावरही बरेच दिवस उभी होती. काळ्या रानाला हात जाईल एवढाल्या भेगा पडल्या. त्या दोन सऱ्यांत पडल्या त्या बोटभर. संगप्पा जाता-येता तिथं उकिडवा बसायचा आणि भेगेत बोट घालून बघायचा. "आत गार हाय," म्हणायचा. "हात घाल. घाल तर." शिवकांता हात घालायची. आत खरंच गार असायचं.

कार्तिकात उदगीरच्या स्टँडवर त्याच्या छातीत कळ आली. दवाखान्यात न्यायला लोकांनी उचलला आणि दवाखान्याच्या दारात परत खाली ठेवला. त्यांच्या लिंगायतांत जाळत नाहीत, बसवून माती देतात. रानात सावली तेवढीच होती, म्हणून समाधीही कडुलिंबाखालीच झाली. खोडाच्या अलीकडं गांडुळांचा खड्डा, पलीकडं संगप्पा.

उन्हाळा लागला तसा वैरणीचा प्रश्न आला आणि बैलजोडी हाळीच्या बाजारात गेली. आता शेणखत कुठून येणार? शिवकांताच्या हातात उरला तो खड्डा. मृगापर्यंत गांडुळं जगली तर सगळ्या रानाला नाही तरी बांधाकडच्या तुकड्याला खत मिळेल, तिथं तरी काही उगवेल, आणि तिथून पुढं बघता येईल. नाही जगली तर रान भेगाळून पडलेलंच आहे. एवढाच हिशोब तिच्या डोक्यात होता. त्यात माया होती की नाही, हे तिनं स्वतःला विचारलं नव्हतं. सकाळी तांब्याभर, संध्याकाळी तांब्याभर पाणी ती पोत्यावर शिंपडत होती. हात चालत होता, म्हणून ती चालत होती.

टँकरच्या रांगेत यावर बोलणं झाल्याशिवाय कसं राहील?

"शिवकांता, तुझ्या लेकरायला पाणी पाजलं का?"

"पाजलं."

"आमच्या लेकरायला मिळंना प्यायला. अन् ही किड्यायला तांब्या तांब्या वतून राहिली."

"माझ्या घागरीतलंच वतते. तुझ्या घागरीला हात लावला का मी?"

"न्हाई माय, म्हनलं आपलं." मंजुळाबाई घागर पुढं सरकवत म्हणाली, "पन खूळच की हे. मानूस गेला तर किडे काय कामाचे?"

लक्ष्मम्माही दर सोमवारी आपल्या पिण्यातला तांब्या घेऊन रानात जायची आणि लेकाच्या समाधीवर ओतायची. येताना बेल नाही मिळाला तर कडुलिंबाचीच डहाळी वाहायची. तिला मात्र रांगेत कुणी काही बोलत नव्हतं. उलट वाट करून देत. मेलेल्याला पाणी पाजलं तर पुण्य, जित्याला पाजलं तर खूळ. शिवकांताला हसू यायला पाहिजे होतं. आलं नाही.

चैत्र सरता सरता दोन गोष्टी झाल्या. त्यांचा एकमेकींशी काही संबंध असेल असं तिच्या डोक्यातही आलं नाही.

एक म्हणजे घरातलं मीठ पुरेना. खड्यामिठाचं मडकं भरून ठेवावं आणि आठवड्यात हात तळाला लागावा. काटकसर करावी म्हणून तिनं आमटीत मीठ कमी केलं, तर लक्ष्मम्मा ताटावरच म्हणाली, "नवरा मेला म्हनून चव बी मेली का ग तुझी?" शिवकांतानं पुढच्या वेळी नेहमीएवढं टाकलं. म्हातारपणी जिभेला मीठ जास्त लागतं, तीच चोरून खात असेल, असं म्हणून तिनं विषय सोडला.

दुसरी म्हणजे गांडुळं मरायला लागली. सगळीकडं नाही, समाधीकडच्या अंगाला. पोतं वर केलं की त्या कडेला ती आखडून, पांढुरकी होऊन पडलेली दिसत, सुकलेल्या शेवयांसारखी. तिला वाटलं, ऊन लागत असेल. तिनं त्या बाजूला तुराट्यांचा आडोसा बांधला. मग वाटलं, मुंग्या असतील, मुंग्याही नव्हत्या. पाणी वाढवलं, तर आणखीच मेली. जिवंत होती ती सगळी दुसऱ्या कडेला एकावर एक गोळा झाली होती, रांगेत टँकर बघून बाया होतात तशी.

एक दिवस सकाळचं ऊन तिरपं असताना तिला जमीन चमकल्यासारखी दिसली. खड्डा आणि समाधी यांच्या मधून, या टोकापासून त्या टोकापर्यंत, बारीक पांढरी रेघ. कुणी रांगोळी ओढावी तशी, पण रांगोळीपेक्षा जाड, आणि पाण्यानं खड्ड्याकडं ओघळलेली. तिनं बोट टेकवलं, जिभेला लावलं.

मीठ.

सोमवार उजाडायला वेळ होता. तोवर ती कुणाला काही बोलली नाही. घरी जाऊन भाकरी थापल्या, लक्ष्मम्माला वाढलं, म्हातारीनं आमटी भुरकली आणि म्हणाली, "आज बरी झाली."

सोमवारी लक्ष्मम्मा तांब्या घेऊन निघाली तशी शिवकांता मागून गेली. लपत-छपत नाही; पण म्हातारीला मान वळवून बघायची सवय नव्हती. समाधीवर पाणी ओतून झालं, हात जोडून झाले, मग लक्ष्मम्मानं कमरेला खोचलेल्या पदराची गाठ सोडली, मूठ भरली, आणि वाकता येत नव्हतं म्हणून उभ्यानंच, पेरणीत बी सोडतात तसं मीठ सोडत ती रेघेवरून चालायला लागली.

"अव्वा, काय करून राहिलात?"

म्हातारी दचकली नाही. "दिसंना का? मीठ टाकून राहिले."

"कशापायी?"

"स्वामींनी टाकलं तवा इचारलंस का, कशापायी?"

माती द्यायला आलेल्या स्वामींनी टाकलं होतं, हे खरं. खड्ड्यात संगप्पाला मांडी घालून बसवलं, हातात लिंग दिलं, आणि विभूती, बेल आणि मीठ, पोत्यानं मीठ, त्याच्या भोवती ओतलं. किडामुंगी लागू नये म्हणून, असं कुणीतरी मागं हळूच म्हणालं होतं. शिवकांताला ते आता आठवलं. त्या दिवसाचं तिला तुकड्यातुकड्यानं आठवायचं, दुसऱ्याच्या घरी झालेल्या लग्नासारखं.

"ते मीठ आता इरघळलं असंल," लक्ष्मम्मा म्हणाली. "मीच पाणी वतते ना. पाणी वतल्याबिगर ऱ्हावत न्हाई, अन् वतलं की मीठ इरघळतं. मग नवं टाकाया नगं? इकडून तुझी दानवं. डबाभर आनली व्हती, आता खड्डाभर झाली. उद्या कुटं जातील? रानात काय ऱ्हायलंय खायला? समदं वाळून गेलं. वलं एवढंच हाय." तिनं समाधीकडं हात केला. "अन् तितं माझं लेकरू बसलंय."

शिवकांता रेघेच्या या बाजूला उभी होती. तिला सुचलं ते संगप्पाचंच बोलणं.

"त्यायला दात नसत्यात, अव्वा."

"दात मला बी न्हाईत. मी उपाशी ऱ्हायले का?"

गांडुळं शेण खातात, कुजका पाला खातात, हे तिला ठाऊक होतं. पण शेण आधी काय होतं, पाला आधी काय होता, हे म्हातारीनं विचारलं असतं तर? शिवकांता खाली बसली. लक्ष्मम्माही खोडाला हात लावत लावत बसली. दोघींच्या मधे मिठाची रेघ होती. वर कडुलिंबात एक होला घुमत होता, तोही तहानलेला असावा. मधेच थांबत होता.

"काढते मी इतून," शिवकांता म्हणाली.

"कुटं नेतीस?"

"कुटं न्यायची? दुसरी सावली कुटं हाय? फेकून देते."

ती हे अगदी सरळ आवाजात बोलली, भाजीचं देठ टाकून द्यावं तसं. धमकी नव्हती ती. खरंच फेकली असती. मृग, तुकडा, तूर, सगळं त्या एका शब्दाबरोबर बाजूला झालं आणि तिला कुठं काही दुखलं नाही. आपल्याला दुखत नाही, याचं तेवढं तिला जरा भ्या वाटलं.

लक्ष्मम्मा तिच्याकडं बघत राहिली. "फेकतीस?"

"हाव."

"त्यानं आनलेली?"

"हाव."

म्हातारीनं उरलेलं मीठ पदरात परत बांधलं. गाठ मारायला तिला वेळ लागला. "मांडीवर डबा घिऊन आला व्हता," ती म्हणाली. "मला म्हनला, अव्वा, हात नको लावूस, पाव्हने हायेत." मग एकदम, रागावल्यासारखी, "गोठ्यात आन."

"गोठ्यात तुमची बाज हाय."

"माझी बाज कुटं हाय ते मला ठावं हाय." बैल गेल्यापासून लक्ष्मम्मा गोठ्यातच निजायची. तिथं गार लागतं असं ती सांगायची. खरं म्हणजे रिकामा गोठा तिला बघवत नव्हता. "गव्हाणीत घाल. रिकामीच हाय. माझ्यापाशी ऱ्हाऊ दे. काय खायचं ते मला खातील. माझ्यात काय हाय? चामडं. खाऊन खाऊन दमतील."

"अव्वा..."

"पन एक बी इतं ऱ्हायला नगं. एक एक येचून आन. अन् मीठ घरी ने, लई नासाडी करून राहिलीस तू मिठाची."

दुसऱ्या दिवशी शिवकांतानं पाट्या भरून गांडुळं गावात आणली. वरून ओलं पोतं झाकलेलं, डोक्यावर चुंबळ, मानेवरून काळं पाणी ओघळतंय. हापशाजवळ मंजुळाबाई भेटली. "कुनाची वरात?"

"पाव्हन्यायची."

"घरात घेतली? म्हातारीनं?"

"म्हातारीच्या उशाला."

मंजुळाबाईच्या हातातला हापशाचा दांडा वरच राहिला.

गव्हाण दगड-मातीची, खोल, बैलांच्या जिभांनी आतून गुळगुळीत झालेली. शिवकांतानं तळाला कडब्याची धसकटं घातली, त्यावर खड्ड्यातलं सगळं ओतलं, वर पोतं टाकलं. लक्ष्मम्मा बाजेवर पाय वर घेऊन बसली होती आणि बघायचं नाही असं ठरवून बघत होती. सकाळी शिवकांतानं चहा नेला तर म्हातारी जागीच.

"झोप न्हाई लागली, अव्वा?"

"कशी लागंल? ऐकून राहिले रातभर."

"काय ऐकलं?"

"काय न्हाई." लक्ष्मम्मानं बशी तोंडाला लावली. "लई गुमान हायेत. संगूगत न्हाईत." थोड्या वेळानं म्हणाली, "चल. मला बघू दे, तितं ऱ्हायलंय का एखादं."

दोघी रानात गेल्या. लक्ष्मम्माच्या हातात तांब्या होता, सोमवार नव्हता तरी. खड्डा रिकामा होता. तळाची मातीसुद्धा शिवकांतानं खरवडून नेली होती. पण म्हातारीचं समाधान होईना. "ह्या अंगाला उकर. तिकडून ह्या अंगाला आली असतील तर?"

शिवकांता खुरपं घेऊन उकिडवी बसली. मिठानं कडक झालेला थर तिनं कोरून पाटीत भरला, लांब टाकायला. रेघेच्या जागी काही नव्हतं, जितं नाही, मेलेलं नाही. ती समाधीच्या कडेपर्यंत सरकली. तिथं खुरप्याची गरजच लागली नाही. सगळ्या रानात पहार बसत नव्हती आणि इथं हात मनगटापर्यंत आपोआप गेला. माती मऊ होती, आणि आत गार होतं.

तिच्या बोटांत एक ढेकूळ आलं. दाबलं तसं फुटलं. आत एक गांडूळ वेटोळं करून बसलं होतं. मुदखेडच्या बारक्या तांबड्यांसारखं नाही. करंगळीएवढं जाड, राखट, जरा निळसर. इथलं. या रानातलं. दुष्काळात ही खोल जातात, असं संगप्पा म्हणायचा, गाठ मारून पडून राहतात, मेल्यागत. कुठल्याही भेगेत तिला अजून एकही दिसलं नव्हतं. तिनं बोटानं आणखी थोडी माती सारली. शेजारी दुसरं होतं. त्याखाली त्यांनी करून ठेवलेल्या वाटा होत्या, सरळ खाली, जिथं संगप्पाला बसवलं होतं त्या दिशेनं.

खड्ड्यातून कुणी इकडं आलंच नव्हतं. पुरुषभर खोल उकरून परत भरलेली ही एकच जागा रानात होती, आणि दर सोमवारी इथं एक तांब्या पाणी पडत होतं. त्याच पाण्यानं यांना बोलावलं होतं.

तिनं मागं बघितलं नाही. मागं म्हातारी काठीवर दोन्ही हात ठेवून उभी होती.

"काय ग? घावलं का?"

शिवकांतानं ढेकळाचे दोन्ही भाग परत जोडून ठेवले. वर माती लोटली. तळव्यानं दाबली, जोरात नाही.

"न्हाई, अव्वा."

"नीट बघ."

"बघितलं."

"लिंगाची आन घे."

शिवकांतानं मातीचा हात गळ्यातल्या लिंगाला लावला. "माझ्या खड्ड्यातलं एक बी इतं ऱ्हायलं न्हाई," ती म्हणाली. आणि ते अक्षर न् अक्षर खरं होतं.

लक्ष्मम्मानं एवढा मोठा श्वास सोडला की शिवकांताला ती पडते की काय असं वाटलं. मग तिनं तांब्या कलता केला. पाणी समाधीच्या मधोमध पडलं आणि जागीच जिरलं. तिथली माती असं पाणी पिते की वर डागसुद्धा फार वेळ राहत नाही. शिवकांता ते बघत बसली. कडेपर्यंत पोचलं नव्हतं.

"अव्वा," ती म्हणाली, "थोडं हिकडं बी वता. ह्या अंगाला."

लक्ष्मम्मानं चमकून सुनेकडं बघितलं. इतक्या महिन्यांत सुनेनं समाधीचं नाव काढलं नव्हतं. म्हातारीचा चेहरा मऊ झाला, आणि तो कशानं मऊ झाला हे शिवकांताला कळलं, तरी तिनं म्हातारीचा समज तसाच राहू दिला.

"सरलं ग," लक्ष्मम्मा म्हणाली. तांब्या उपडा करून तिनं थेंब झटकले. "माझ्या वाटचं एवढंच."

"उद्या माझ्या वाटचं आनते," शिवकांता म्हणाली, आणि मिठाची पाटी उचलून बांधाकडं निघाली.